कृषि विद्यापीठातील नोकरांचे बाहेरील सल्लाकाम : नियम व त्यांमागील हेतू

बियाणे, खत, पाणी आणि औषधे यांच्याप्रमाणेच सल्ला हाही आता शेतीच्या खर्चातील एक बाब होऊन बसला आहे. पूर्वी गावातील जाणत्या माणसास विचारून किंवा शेजारच्याचे पीक पाहून जी गोष्ट ठरत असे, ती आज माती-पाण्याचे परीक्षण, पानदेठाचे परीक्षण, संजीवकांची मात्रा, फळांतील औषधांच्या अंशाची मर्यादा अशा गोष्टींशी जोडली गेली आहे. द्राक्षे व डाळिंब यांचे कित्येक बागाईतदार संपूर्ण हंगामासाठी सल्लागार ठरवितात व त्यास एकरी किंवा भेटीगणिक मोबदला देतात. हा सल्लागार कधी खाजगी व्यवसाय करणारा कृषि पदवीधर असतो, कधी एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी असतो, तर कधी कृषि विद्यापीठात नोकरीस असलेला शास्त्रज्ञ किंवा प्राध्यापक असतो. या शेवटच्या प्रकाराविषयी गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो. विद्यापीठाच्या माणसाला असे पैसे घेता येतात काय, आणि येत असतील तर कोणत्या अटींवर ?

याचे थोडक्यात उत्तर असे की, बाहेरचे सल्लाकाम करण्यास सर्वस्वी मनाई नाही; मात्र ते पूर्वपरवानगीने, मर्यादित वेळात, संस्थेच्या हिशेबातून आणि उघडपणे झाले पाहिजे. हे नियम नोकरांसाठी केलेले असले तरी ते मोडल्याने होणारे नुकसान बहुतांशी शेतकऱ्याच्याच पदरी येते. म्हणून त्यांची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकऱ्यांनाही असणे इष्ट आहे.

शिफारशीचे वजन

महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी (१९७२) व दापोली (१९७२) अशी चार कृषि विद्यापीठे असून त्यांचा कारभार १९८३ च्या महाराष्ट्र कृषि विद्यापीठे अधिनियमाप्रमाणे चालतो. शिक्षण, संशोधन व विस्तार शिक्षण ही त्यांची तीन कामे होत. एखादे वाण, खताची मात्रा किंवा कीड-रोगावरील उपाय विद्यापीठ शेतकऱ्यांपुढे मांडते, तेव्हा त्यामागे अनेक हंगामांच्या चाचण्या असतात. या चाचण्यांचे आकडे प्रथम विद्यापीठात आणि नंतर चारही विद्यापीठांच्या संयुक्त कृषि संशोधन व विकास समितीपुढे ठेवले जातात. तेथे इतर शास्त्रज्ञ शंका काढतात, आकडे अपुरे वाटल्यास आणखी चाचण्या मागतात, आणि मान्यता मिळाल्यावरच ती गोष्ट ‘शिफारस’ या नावाने बाहेर पडते.

एवढ्या चाळण्यांतून गेल्यामुळे ‘विद्यापीठाने सांगितले आहे’ या शब्दांना गावात वजन आलेले आहे. परंतु तोच शास्त्रज्ञ रविवारी एखाद्या बागेत खाजगी भेटीस गेला आणि त्याने एखादी फवारणी सुचविली, तर ते त्याचे व्यक्तिगत मत असते. ते मत चांगले असू शकेल. पुष्कळदा ते छापील शिफारशीपेक्षा ताजेही असेल. तरी ते त्या चाळणीतून गेलेले नसते. ऐकणाऱ्याला मात्र माणूस एकच दिसतो, आणि तो दोन्ही बोलणी एकाच मापाने घेतो. बाहेरील कामाविषयीच्या साऱ्या नियमांचे मर्म येथे आहे. कोणता सल्ला विद्यापीठाचा आणि कोणता त्या व्यक्तीचा, व त्यासाठी पैसे कोणी दिले, हे ऐकणाऱ्यास कळले पाहिजे.

नोकरीतील काम कोणते, बाहेरचे कोणते

शेतकरी मेळाव्यातील भाषण, शिवारफेरी, कृषि विज्ञान केंद्रातील प्रशिक्षण, रोग पडल्याचे कळल्यावर केलेली पाहणी, दूरध्वनीवर किंवा पत्राने दिलेले उत्तर ही सर्व विस्तारकार्याची अंगे आहेत. त्यांसाठी शास्त्रज्ञास पगार मिळतो. अशा कामाबद्दल शेतकऱ्याकडून वेगळा मोबदला मागण्याचा त्यास अधिकार नाही. माती, पाणी किंवा पाने यांच्या परीक्षणास ठराविक आकार पडतो. परंतु तो संस्थेचा असतो, त्याची पावती मिळते आणि पैसे संस्थेच्या खात्यात जातात.

याउलट एखाद्या साखर कारखान्यासाठी ऊस विकासाचा आराखडा करणे, निर्यातदाराच्या बागांची देखरेख करणे, बियाणे कंपनीस पैदाशीच्या कामात मार्गदर्शन करणे, बँकेसाठी फळबाग प्रकल्पाची तपासणी करणे किंवा एखाद्या बागाईतदाराकडे ठरलेल्या दिवशी नेमाने जाणे ही बाहेरची कामे ठरतात. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने आपल्या संस्थांसाठी १९९७ मध्ये या विषयाचे मार्गदर्शक नियम अमलात आणले. त्यांत प्रशिक्षण, सल्लासेवा, करारावरील संशोधन व करारावरील सेवा असे चार प्रकार केलेले आहेत. सल्लासेवेत ज्ञान व अनुभव पुरविला जातो. करारावरील संशोधनात बाहेरच्याने नेमून दिलेल्या प्रश्नावर संस्था काम करते. तपासणी, परीक्षण यांसारखी ठराविक कामे करारावरील सेवेत मोडतात. चारही प्रकारांत करार संस्थेशी होतो. कोणा एका शास्त्रज्ञाशी परभारे होत नाही. शास्त्रज्ञास मिळावयाचा वाटा संस्थेचा खर्च व हिस्सा वजा जाता उरलेल्या रकमेतून मिळतो.

परवानगी

शासकीय नोकराने पूर्वमंजुरीवाचून खाजगी व्यापार किंवा दुसरी नोकरी करू नये, हे तत्त्व जुने आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांत ते स्पष्ट शब्दांत आले असून, कृषि विद्यापीठांतही नोकरांच्या वर्तणुकीसंबंधी याच धर्तीची बंधने असतात. परवानगी काम सुरू होण्यापूर्वी घ्यावयाची असते. काम उरकून, पैसे हाती आल्यावर केलेला अर्ज हा परवानगीचा अर्ज नव्हे.

काही गोष्टींना मात्र परवानगी लागत नाही. सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचे मानसेवी काम, तसेच प्रसंगोपात्त वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय लेखन हे सरकारी कामास बाध न आणता करता येते. शास्त्रज्ञाने वृत्तपत्रात गुलाबी बोंडअळीवर लेख लिहिला म्हणून कोणी त्यास जाब विचारीत नाही, आणि विचारूही नये.

भेटवस्तूंच्या नियमातही असाच व्यवहारी विचार दिसतो. औद्योगिक व व्यापारी संस्थांकडून थाटाचा किंवा वरचेवर पाहुणचार घेणे टाळावे, असे नियम सांगतो. विनामूल्य प्रवास व निवास यांनाही तो भेट समजतो. पण सहज घडलेले जेवण किंवा वाटेत मिळालेली गाडी यांस भेट समजू नये, असेही त्यातच म्हटले आहे. बांधावर आलेल्या पाहुण्यास शेतकऱ्याने पिठले-भाकरी वाढली, किंवा मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडले, तर दोघांनीही संकोच बाळगण्याचे कारण नाही. कंपनीच्या खर्चाने घडणाऱ्या परगावच्या सहली आणि ही भाकरी यांतील फरक खेड्यातील माणसास समजावून सांगावा लागत नाही.

वेळ व पैसा

बाहेरच्या कामास किती वेळ द्यावा, याविषयी उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात आठवड्यास सरासरी एक दिवस असा संकेत पुष्कळ ठिकाणी आढळतो. आपल्या देशातील तंत्रशिक्षणाच्या काही अग्रगण्य संस्था तो पाळतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात शैक्षणिक वर्षापुरती नेमणूक असलेल्या अध्यापकास वर्षातून ३९ दिवस आणि बारमाही नेमणूक असलेल्यास ४८ दिवस अशी मर्यादा आहे.

शेतीच्या बाबतीत केवळ दिवस मोजून भागत नाही. अभियंत्याचा एक दिवस जानेवारीत गेला काय किंवा जुलैत गेला काय, फारसा फरक पडत नाही. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर भुरी व केवडा यांचा धोका असलेल्या पंधरवड्यात मात्र शास्त्रज्ञाचे चार दिवस एकाच मोठ्या बागाईतदाराकडे गेले, तर तेवढ्यात शंभर लहान शेतकऱ्यांची विचारणा उत्तरावाचून राहते. बाहेरील कामाच्या दिवसांचा हिशेब वर्षाअखेरीस न करता हंगामाप्रमाणे केला, तर तो अधिक न्याय्य होईल.

पैशाविषयी केंद्र शासनाच्या सेवानियमांत फार पूर्वीपासून एक तत्त्व आहे. बाहेरच्याकडून मिळणारे शुल्क विवक्षित मर्यादेपलीकडे गेल्यास जादा रकमेचा एक-तृतीयांश भाग शासनाच्या तिजोरीत भरावा, असे ते तत्त्व होय. त्यामागील विचार साधा आहे. शास्त्रज्ञाची विद्या ही त्याची स्वतःची खरी. परंतु प्रयोगशाळा, प्रक्षेत्र, ग्रंथालय व वर्षानुवर्षांची निरीक्षणे ही सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने येथे महत्त्वाची गोष्ट एकच. विद्यापीठाच्या नावाने पैसे द्यावयाचे असतील तर विद्यापीठाची पावती घ्यावी. पावती नसेल तर तो सल्ला विद्यापीठाचा नव्हे, आणि पुढे काही बिघडल्यास विद्यापीठाकडे दाद मागण्यास आधारही राहत नाही.

कंपनीच्या पैशाने झालेल्या चाचण्या

एका बाबतीत गैरसमज विशेष आढळतो. कीटकनाशकाची नोंदणी होण्यासाठी ते कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी व किती मात्रेत परिणामकारक आहे, याचे क्षेत्रीय चाचण्यांचे आकडे द्यावे लागतात. अशा चाचण्या कृषि विद्यापीठांतही होतात व त्यांचा खर्च कंपनी भरते. हा व्यवहार वैध आहे. किंबहुना तो आवश्यक आहे, कारण कंपनीने स्वतःच आपल्या मालाची परीक्षा घेऊन स्वतःच त्यास उत्तीर्ण ठरविण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

परंतु चाचणी घेणे म्हणजे शिफारस करणे नव्हे. चाचणीचा अहवाल प्रतिकूलही असू शकतो. अनुकूल असला तरी तो त्या ठिकाणापुरता, त्या हंगामापुरता व त्या मात्रेपुरता असतो. बाजारात मात्र ‘विद्यापीठात तपासलेले’ एवढेच शब्द डब्यावर किंवा पत्रकावर येतात. पीकवर्धक, टॉनिक इत्यादी नावांनी विकल्या जाणाऱ्या मालाबाबत तर हे वरचेवर पाहावयास मिळते. असे पत्रक गावात आले की कार्यकर्त्याने दोन गोष्टी विचाराव्यात : हा माल विद्यापीठाच्या छापील शिफारशींत आहे काय, आणि असल्यास कोणत्या पिकासाठी ? पहिल्याच प्रश्नास बहुधा उत्तर मिळत नाही. आपल्या अहवालाचा जाहिरातीसाठी असा उपयोग होऊ नये, ही अट करारात घालणे व ती मोडल्यास कंपनीस लेखी जाब विचारणे हे संस्थेचे काम आहे. ते काम दुर्लक्षिले गेल्यास शास्त्रज्ञांवरील बंधने कितीही कडक केली तरी त्यांचा उपयोग होणार नाही.

हितसंबंध

सर्वांत कठीण प्रश्न वेळेचा नाही व पैशाचाही नाही. तो हितसंबंधाचा आहे. एकाच व्यक्तीने औषध कंपनीस सल्ला द्यावयाचा, आणि तिनेच शेतकऱ्यास कोणते औषध घ्यावे हे सांगावयाचे, अशी स्थिती आली म्हणजे माणूस कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या बोलण्यावर संशयाची छाया पडते. म्हणून वर्तणूक नियमांत कुटुंबाचाही विचार केलेला आहे. कुटुंबातील कोणी व्यापार करीत असल्यास नोकराने तसे शासनास कळविले पाहिजे. पत्नीच्या किंवा अन्य कुटुंबीयांच्या मालकीच्या अडत, विमा अशा व्यवसायासाठी त्याने गिऱ्हाईक मिळविण्याची खटपट केली, तर तो नियमभंग ठरतो. भावाच्या नावाने कृषि सेवा केंद्र आणि दाराशी येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास त्याच केंद्राची चिठ्ठी, हा प्रकार या नियमाच्या हेतूशी विसंगत आहे, हे उघड आहे.

चुकीच्या किंवा अर्धवट सल्ल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०१० च्या द्राक्ष हंगामात दिसून आले. काडीची जोमदार वाढ आवरण्यासाठी बागाईतदार क्लोरमेक्वॅट क्लोराइड हे वाढनियंत्रक वापरीत असत. बागांत ते सी.सी.सी. या नावाने ओळखले जाते. युरोपीय देशांत द्राक्षांतील त्याच्या अंशाची मर्यादा त्या वेळी किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी अल्प होती. महाराष्ट्रातून गेलेल्या द्राक्षांत ती ओलांडल्याचे तेथील तपासणीत आढळले. माल अडकला, भाव कोसळले आणि निर्यातदारांबरोबर बागाईतदारही कर्जाच्या फेऱ्यात सापडले. हा दोष कोणा एकाचा नव्हता. परदेशातील मर्यादा व येथील तपासणी यांचा मेळच तेव्हा बसलेला नव्हता. परंतु ते रसायन वापरावे असे ज्यांनी ज्यांनी सांगितले होते, त्यांपैकी किती जणांनी ते लिहून दिले होते ? सल्ला तोंडी होता, म्हणून जबाबदारीही कोणाकडे नव्हती. आता निर्यातक्षम द्राक्षांसाठी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून औषधांची यादी, त्यांच्या अंशाची मर्यादा व काढणीपूर्वीचा कालावधी हंगामवार प्रसिद्ध होतो. सल्लागार कोणीही असो, त्याची चिठ्ठी या यादीशी ताडून पाहिल्यावाचून फवारणी करू नये.

विस्तारकार्य करणाऱ्याने खाजगी संस्थेचा पैसा घ्यावा काय, हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. आपली कृषि विद्यापीठे ज्या अमेरिकन नमुन्यावर उभारली गेली, तेथे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानंतर प्रत्येक परगण्यात विस्तार अधिकारी नेमले गेले, आणि अनेक ठिकाणी त्यांच्या खर्चाचा काही भार फार्म ब्यूरो ही शेतकरी संघटना उचलू लागली. पाहता पाहता अधिकारी संघटनेसाठी सभासद नोंदवू लागले. सरकारी पगाराचा माणूस एका संघटनेचा कार्यकर्ता होऊन बसला, अशी तक्रार इतर शेतकरी संघटनांनी केली. १९२१ साली शेती खात्यातील विस्तारकार्याचे प्रमुख ए. सी. ट्रू व संघटनेचे अध्यक्ष जे. आर. हॉवर्ड यांनी करार करून, अधिकाऱ्यांनी सभासद नोंदणी करू नये व संघटनेचा पैसा हाताळू नये असे ठरविले. तरीही संबंध पूर्णपणे तुटले नाहीत. अखेर १९५४ मध्ये शेतीमंत्री एझ्रा टॅफ्ट बेन्सन यांनी हुकूम काढून खात्याच्या नोकरांनी अशा संघटनांकडून कचेरीची जागा किंवा पैसा स्वीकारू नये, असे बंधन घातले. करार झाल्यावर तो अमलात येण्यास तेहतीस वर्षे लागली. आणि तेथे तर देणारी संघटना शेतकऱ्यांचीच होती, माल विकणारी कंपनी नव्हती.

नियम कडक की सैल

या नियमांवर एक आक्षेप घेतला जातो व तो विचारात घेण्याजोगा आहे. विद्यापीठातील ज्ञान आधीच शेतकऱ्यापर्यंत पुरेसे पोचत नाही; त्यात बाहेरच्या कामावर बंधने घातली तर शास्त्रज्ञ बांधावर येणेच सोडून देतील, असे म्हणतात. यात तथ्य आहे. ज्या शास्त्रज्ञाने दहा वर्षे बागाईतदारांच्या अडचणी जवळून पाहिल्या, त्याचे संशोधनही सकस होते. परवानगीचा अर्ज महिनोन् महिने पडून राहिला, तर हंगाम निघून जातो आणि काम मागील दाराने होऊ लागते. नियम सैल करण्यापेक्षा परवानगीचा निर्णय ठराविक दिवसांत देणे आणि दिलेल्या परवानग्यांची यादी प्रत्येकास पाहता येईल अशी लावणे, हा त्यावरील योग्य उपाय होय. कोणता शास्त्रज्ञ कोणत्या कंपनीचे काम करतो, हे फलकावर असेल तर शेतकरी आपला विचार आपण करील.

शिवाय मोबदला घेऊन सल्ला देणे हा स्वतंत्र व्यवसायही आहे. २००२ मध्ये केंद्र शासनाने कृषि चिकित्सालय व कृषि व्यवसाय केंद्रांची योजना सुरू केली, ती कृषि पदवीधरांना प्रशिक्षण देऊन याच व्यवसायात आणण्यासाठी. त्यांना विद्यापीठाच्या नोकरांचे नियम लागू नाहीत. त्यांच्याशी स्पर्धा करताना विद्यापीठातील माणसाने सरकारी पगार, सरकारी प्रयोगशाळा आणि विद्यापीठाचे नाव यांचे पाठबळ घ्यावे, हे त्या तरुणांच्या दृष्टीनेही न्यायाचे नाही.

गावपातळीवर काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने कोणाची चौकशी करीत फिरावे, असा याचा अर्थ नाही. त्याने शेतकऱ्यास काही साध्या सवयी लावून द्याव्यात, एवढे पुरे. सल्ला लेखी घ्यावा व त्यावर दिनांक, पीक, मात्रा आणि देणाऱ्याचे नाव असावे. औषध घटकाच्या नावाने व टक्केवारीसह लिहून मागावे. विद्यापीठाच्या शिफारशी घटकाच्या नावाने असतात. चिठ्ठीवर केवळ एकाच कंपनीचे नाव असेल, तर तसे का, हे मोकळेपणाने विचारावे. हा सल्ला विद्यापीठाचा की आपला स्वतःचा, असे विचारण्यातही कसला अपमान नाही. सरळ माणूस त्याचे सरळ उत्तर देतो. औषधाच्या डब्यावरील लेबलात आपले पीक व आपली कीड नमूद आहे की नाही हे वाचून पाहावे, आणि वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे.

शंका आल्यास जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषि कार्यालयात ती चिठ्ठी दाखवावी. विद्यापीठाच्या नावाचा गैरवापर झाल्याचे वाटल्यास विद्यापीठाच्या विस्तार शिक्षण संचालकांकडे लेखी कळवावे. कळविताना चिठ्ठीची प्रत, खरेदीची पावती आणि फवारणीचा दिनांक सोबत जोडावा. मूळ कागद मात्र आपल्याजवळच ठेवावेत. तक्रारीत कोणावर आरोप करण्याऐवजी काय सांगितले गेले व काय घडले एवढेच लिहावे. पीक हातचे गेले असल्यास शेतातील नुकसानीची पाहणी व पंचनामा अवशेष जागेवर असतानाच करून घ्यावा, कारण नांगरट झाल्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही.